रद्द झालेले उड्डाण आणि न आलेली एसटी

२०२५ च्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जे दृश्य दिसले, ते या देशातील सुखवस्तू मध्यमवर्गाने पूर्वी क्वचितच अनुभवले असेल. इंडिगो या कंपनीची उड्डाणे एकामागून एक रद्द होत गेली. लग्नाला निघालेली वऱ्हाडी मंडळी, मुलाखतीला निघालेले तरुण, रुग्णाला घेऊन निघालेले नातलग, सारे सामानावर डोके टेकून रात्रभर पडून राहिले. विमान केव्हा सुटेल हे सांगायला कोणी नव्हते. हरवलेल्या पेट्यांचे ढीग साचले आणि खिडकीपलीकडे बसलेल्या विशी-पंचविशीच्या मुलामुलींवर प्रवाशांच्या संतापाचा वर्षाव झाला. ३ ते ५ डिसेंबर या तीनच दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणे उशिरा सुटली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरला नागपुरात भरायचे होते. त्यामुळे या गोंधळाची धग राज्यकर्त्यांच्या दारापर्यंतही पोचली.

भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावी ही वार्ता वाचणाऱ्या कार्यकर्त्याच्या मनात साहजिकच असा प्रश्न येईल की, याच्याशी आपला संबंध काय? ज्याच्याजवळ विमानाच्या तिकिटाचे पैसे आहेत त्याचे हाल त्याला लखलाभ; आपल्या गावची एसटी वेळेवर येत नाही त्याचे कोणी बोलत नाही. हा प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. विमानतळावरचा तो संताप आणि अड्याळच्या थांब्यावरचा मुकाट्याने सोसलेला खोळंबा यांचे मूळ एकच आहे, आणि ते ओळखले नाही तर दोन्हीकडचा माणूस चुकीच्या माणसाशी भांडत राहील. म्हणून या घटनेची नीट चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

आरंभी असे सांगण्यात आले की, वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांमुळे ही अडचण उद्भवली. हे विधान अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच ते असत्यापेक्षा घातक आहे. हे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर न्यावी आणि वैमानिकाने रात्री उतरवायच्या विमानांची संख्या सहावरून दोनवर आणावी, ही त्यांतील मुख्य कलमे होती. ते त्याच वर्षी १ जूनपासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी हरकत घेतली आणि ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा कुठे २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांनी ते अमलात आले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. एवढ्या अवधीत माणसे नेमता आली असती, किंवा माणसे पुरेशी नसतील तर उड्डाणांची संख्या आधीच कमी करता आली असती. कंपनीने यांपैकी काहीही पुरेसे केले नाही. कमीत कमी माणसांत आणि कमीत कमी विमानांत जास्तीत जास्त फेऱ्या काढण्याचा तिचा हिशेब नियम बदलताच उघडा पडला. पुढे सरकारी चौकशीनेही हाच निष्कर्ष काढला की, साधने अखेरच्या थेंबापर्यंत पिळण्याच्या कारभारात अडीअडचणीसाठी काही शिल्लकच ठेवली गेली नव्हती.

विदर्भातील वाचकाला या संदर्भात एक घटना आठवावी. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर पुण्याला विमान घेऊन जाण्याच्या तयारीत असलेला, जेमतेम चाळिशीचा एक वैमानिक विमानात चढण्यापूर्वीच कोसळला आणि मरण पावला. त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. त्याच्या मृत्यूला थकवाच कारणीभूत होता, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणणे योग्यही होणार नाही. परंतु त्या दुर्घटनेनंतर वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, हे मात्र खरे. रात्री तीनच्या सुमारास दोनशे माणसांचे प्राण हाती घेऊन विमान उतरवणाऱ्याचे डोळे मिटू नयेत, ही वैमानिकाची चैन नसून प्रवाशाची गरज आहे. विश्रांतीचा नियम हा प्रवाशाच्याच बाजूचा नियम आहे. आणि तरीही संतापाच्या त्या आठवड्यात त्याच नियमाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले.

ज्यांना १९७४ चा रेल्वे संप आठवतो त्यांना हे सारे परिचित वाटेल. ८ मे १९७४ रोजी सुरू होऊन वीस दिवस चाललेल्या त्या संपामागे पगार आणि बोनस यांच्या मागण्या होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु इंजिनावर काम करणाऱ्यांच्या कामाच्या तासांचा प्रश्न हाही त्या असंतोषाचा एक जुना झरा होता, याचे विस्मरण झाले आहे. त्यांच्या आंदोलनामुळे १९७३ साली सरकारला दहा तासांच्या पाळीचे आश्वासन द्यावे लागले होते. तेव्हाही प्रवाशाला हेच सांगितले गेले की, तुझ्या हालअपेष्टांना हे कामगार जबाबदार आहेत. प्रवासी आणि कामगार यांना समोरासमोर उभे करावयाचे आणि मधला मालक अदृश्य ठेवावयाचा, ही युक्ती जुनीच आहे. फरक एवढाच की, त्या वेळी मालक सरकार होते आणि त्याला संसदेत जाब विचारता येत होता. आता मालक खाजगी आहे आणि त्याचा जबाब भागधारकांच्या सभेत होतो.

सरकारने या पेचात काय केले? ५ डिसेंबरला नव्या नियमांतील महत्त्वाच्या कलमांतून कंपनीला तात्पुरती सूट दिली. ज्याने तयारी केली नाही त्यालाच नियमातून मोकळीक मिळाली. याचा अर्थ काय होतो? एखादी कंपनी पुरेशी मोठी झाली की तिचे अपयश हेच तिचे हत्यार होते. ती अडखळली की देश अडखळतो, म्हणून तिला शिक्षा करता येत नाही. पुढे, जानेवारी २०२६ मध्ये, कंपनीला २२ कोटी २० लाख रुपये दंड झाला. सामान्य माणसाला हा आकडा थोर वाटतो. पण २०२४-२५ या वर्षी याच कंपनीचा निव्वळ नफा ७,२५८ कोटी रुपये होता. म्हणजे दिवसाला सरासरी वीस कोटींच्या आसपास. तीन लाख लोकांना झालेल्या मनस्तापाची किंमत एका दिवसाच्या नफ्याहून थोडीशी अधिक ठरली. शेतकऱ्याच्या कर्जाचा एक हप्ता चुकला तर त्याला जो भुर्दंड पडतो, त्याच्याशी या प्रमाणाची तुलना कार्यकर्त्यांनी स्वतःच करून पाहावी.

ही अवस्था आपोआप आली नाही. १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९४ साली तो कायदा रद्द करून हे क्षेत्र खुले करण्यात आले. स्पर्धा आली की दर उतरतील, सेवा सुधारेल आणि ग्राहक राजा होईल, असे तेव्हा सांगितले गेले. काही काळ दर उतरले, हे मान्य केले पाहिजे. सरकारी विमानसेवेचा उद्धटपणा आणि तोटाही लोकांच्या स्मरणात आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्या स्पर्धेचा शेवट काय झाला? किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटा समूहाकडे गेली. उरलेल्या मैदानात दर शंभर देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे पासष्ट प्रवासी एकाच कंपनीच्या विमानात बसू लागले. मक्तेदारीला आळा घालणारा १९६९ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २००२ चा स्पर्धाविषयक कायदा आला. मक्तेदारी मात्र राहिली. आणि जेव्हा ती कोसळली तेव्हा धावून कोण आले? सार्वजनिक मालकीची रेल्वे. तिने त्या दिवसांत ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. सरकारनेही बाजाराचे तत्त्वज्ञान एका रात्रीत बाजूला ठेवून ६ डिसेंबरला तिकिटांवर कमाल मर्यादा घातली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि दीड हजार किलोमीटरच्या पुढे अठरा हजार रुपये. दरांवर नियंत्रण आणता येत नाही, असे जे तीस वर्षे सांगितले जात होते, ते सरकारनेच खोटे ठरवले.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे विमानतळांच्या इमारतींकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रात विमानतळ आधी उद्घाटनासाठी बांधले जातात आणि प्रवासासाठी नंतर. पुण्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. प्रवाशांना त्यात पाऊल टाकायला १४ जुलै उजाडला. चार महिने नवी इमारत कुलुपात आणि प्रवासी शेजारच्या जुन्या इमारतीत दाटीवाटीने उभे. सिंधुदुर्गातील चिपीच्या टर्मिनलचा सोहळा २०१९ साली निवडणुकीच्या तोंडावर झाला आणि पहिले विमान ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उतरले; त्यावेळी सोहळा पुन्हा झालाच. नंतर तेथील मुंबईची सेवा आज आहे, उद्या नाही अशा अवस्थेत रेंगाळत अखेर २०२४ मध्ये थांबली. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी २०१८ साली झाली, तारखा वर्षानुवर्षे पुढे सरकल्या, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि पहिले प्रवासी विमान २५ डिसेंबरला उडाले. सुरुवातीला तेथील कामकाज दिवसाचे बाराच तास होते, आणि विमानतळाची कंपनी व दूरसंचार कंपन्या यांच्यातील भाड्याच्या वादात प्रवाशांच्या मोबाइलला साधे जाळे मिळेना.

या विमानतळाखाली दहा गावांची जमीन आहे. ज्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळ्या झेलल्या, पाच जणांचे बलिदान दिले आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला, त्यांच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला द्यावे, अशी तेथील जनतेची मागणी आहे. उद्घाटनाच्या दिवसापर्यंत ते नाव अधिकृत झालेले नव्हते. फीत कापण्याची घाई होती. जमीन देणाऱ्यांच्या नेत्याचे नाव लावण्याची नव्हती.

भंडारा जिल्ह्याच्या शेजारी हेच नाटक लहान रंगमंचावर झाले आहे. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तिचा विस्तार झाला, इमारत उभी राहिली, आणि बिरसी गावातील शंभराहून अधिक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिला. १३ मार्च २०२२ रोजी तेथून प्रवासी विमानसेवा मोठ्या थाटात सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू केली.   हे एकट्या गोंदियाचे दुर्दैव नव्हे. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, अशी ग्वाही देत सुरू झालेल्या ‘उडान’ योजनेची तपासणी महालेखापरीक्षकांनी केली. त्यांच्या २०२३ च्या अहवालानुसार ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतील ११२ मार्गांनीच सवलतीचा तीन वर्षांचा काळ पुरा केला, आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत ५४ मार्ग तेवढे तग धरून होते. सरकारी अनुदान असेपर्यंत विमान आणि अनुदान संपले की नुसतीच धावपट्टी, असा हा व्यवहार आहे.

पवनी तालुक्यातील माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. याच तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. मूळ खर्च ३७२ कोटी रुपये धरलेला होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, खर्च हजारो कोटींत गेला, गावे पाण्याखाली गेली. पण ज्या शेतासाठी हे सारे केले त्या शेतात पाणी पोचण्याची वाट पाहण्यात एका पिढीचे केस पांढरे झाले. कोनशिला बसवली म्हणजे काम झाले, अशी राज्यकर्त्यांची समजूत आहे. विमानतळ काय, धरण काय किंवा रुग्णालय काय, कोनशिलेवरच्या नावाला घाई असते आणि कोनशिलेखालच्या माणसाला थांबावे लागते.

आता अड्याळच्या थांब्याकडे येऊ. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या या गावातून भंडाऱ्याच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी, जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी निघालेली म्हातारी, तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी निघालेला धानउत्पादक, या साऱ्यांचे विमान म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राने तिला आपली मानले आहे. कोरोनापूर्वी महामंडळाजवळ सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. नंतर त्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. साडेपाच महिने खेड्यापाड्यांची वाहतूक ठप्प होती. २०२५ च्या २५ जानेवारीपासून भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. नागभीड-इतवारी ही या भागाच्या उपयोगाची छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ती पुढील पाच वर्षांतही सुरू झाली नाही. यांपैकी कशासाठी दिल्लीत रात्री बैठका झाल्या? कशासाठी जादा डबे जोडले गेले?

येथे एक बारीक पण मूलभूत फरक लक्षात घेण्याजोगा आहे. विमानप्रवाशाजवळ आधी काढलेले तिकीट असते. त्यावर वेळ लिहिलेली असते आणि उड्डाण रद्द झाले की त्याची नोंद होते. उड्डाण ऐनवेळी रद्द केले आणि दोष कंपनीचा असला तर पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा नियम आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा भाग निराळा, पण नियम आहे. एसटीचे तिकीट वाटेवरच्या थांब्यावर गाडीत चढल्यावरच मिळते. गाडीच आली नाही तर तिकीट नाही, तिकीट नाही तर प्रवासी नाही, आणि प्रवासी नाही तर तक्रारही नाही. ज्या माणसाचा खोळंबा झाला तो सरकारी कागदावर अस्तित्वातच नसतो. मुलीचा बुडालेला तास, म्हातारीची चुकलेली तपासणी आणि शेतकऱ्याची बुडालेली मजुरी यांची बेरीज कोणत्याही अहवालात होत नाही. तीन लाख विमानप्रवाशांचे हाल देशाला दिसले, कारण ते मोजले गेले. अड्याळचे हाल दिसत नाहीत, कारण ते कोणी मोजतच नाही.

म्हणून विमानप्रवाशाच्या फजितीवर समाधान मानणे हा समाजवादी विचार नव्हे. हल्ली भंडारा-गोंदियातील तरुणही पोटासाठी हैदराबादला, पुण्याला जातो, घरी कोणी आजारी पडले तर उसने पैसे काढून विमानात बसतो. तोही त्या रात्री सामानावर डोके टेकून पडलेल्यांत असू शकतो. प्रश्न विमान की एसटी असा नसून, प्रवास हा नागरिकाचा हक्क आहे की व्यापाऱ्याचा माल आहे, असा आहे. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी गादी आणली. तो निर्णय दिसायला दोन इंचांचा होता, पण त्यामागे एक दृष्टी होती. वरच्या वर्गाचे सुख काढून घेण्याऐवजी खालच्या वर्गाचा प्रवास माणसाच्या लायकीचा करावयाचा, ही ती दृष्टी. संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेणारे सरकारही तेच होते. प्रवासी आणि कामगार यांचा विचार एकत्र करता येतो, याचा तो पुरावा होय.

या दृष्टीने आज काय मागावयाचे? पहिले, वैमानिक असो की एसटीचा चालक, विश्रांतीचा नियम कोणत्याही कंपनीच्या वा महामंडळाच्या सोयीसाठी शिथिल होता कामा नये. दुसरे, दंड नफ्याच्या प्रमाणात असावा. एका दिवसाच्या कमाईत सुटका होणारा दंड हा दंड नसून परवाना आहे. तिसरे, ज्या दिवशी प्रवासी आत जाऊ शकेल त्याच दिवशी इमारतीचे उद्घाटन व्हावे, आणि त्याआधी विस्थापितांचे पुनर्वसन पुरे झाले आहे, असा दाखला द्यावा. चौथे, विमानप्रवाशाला आहे तसा भरपाईचा आणि माहितीचा हक्क एसटीच्या प्रवाशालाही कायद्याने मिळावा. प्रत्येक आगाराने रद्द केलेल्या फेऱ्या कारणांसह रोज फळ्यावर लिहाव्यात.

शेवटच्या मागणीसाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अड्याळच्या थांब्यासमोर चहाचे एखादे दुकान असेलच. तेथे एक साधी वही ठेवावी. कोणती गाडी किती वाजता यायची होती, आली की नाही, किती माणसे थांबून राहिली, त्यांतील विद्यार्थी किती, आजारी किती, एवढे रोज लिहावे. एक महिना हे काम नेटाने केले तर आगारप्रमुखापुढे आणि आमदारापुढे ठेवायला जो कागद तयार होईल, तो दहा भाषणांना भारी ठरेल. विमानतळावरचा संताप दोन आठवड्यांत विरून गेला, कारण ज्याचे विमान सुटले तो निघून गेला. थांब्यावरच्या माणसाला निघून जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तेथेच उभे राहावयाचे असते. म्हणूनच त्याच्या वहीला अर्थ आहे.